घरच्या घरी आर्केड कंट्रोलर: पुठ्ठ्यापासून 'इन्सर्ट कॉइन'पर्यंत

'मुस्तफा' हे नाव ऐकल्यावर ज्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप हलायला लागतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा. मुस्तफा हे त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव. आमच्या गावात एस.टी. स्टँडमागच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खरं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. एक रुपया टाकायचा, डाव्या हातात दांडी धरायची, उजवा हात बटणांवर, आणि मागे उभी असलेली पोरं 'आता माझा नंबर' म्हणत ताटकळलेली.

बऱ्याच वर्षांनी तोच गेम मोबाइलवर खेळून पाहिला. चित्र तेच, आवाज तोच, तरी पाच मिनिटांत फोन बाजूला ठेवला. काचेवर अंगठा फिरवताना हाताला काहीच लागत नव्हतं. दांडी ढकलल्यावर आतून येणारा 'टक्', बटण खाली बसून परत वर उसळणं, हे सगळं गायब. गेमची आठवण डोळ्यांत कमी आणि तळहातात जास्त असते, हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून मी पार्लरसारखी दांडी आणि बटणं बसवलेल्या, टीव्हीला जोडून खेळायच्या तीन पेट्या बनवल्या. तिसरी रोज वापरात आहे आणि खाली दिलेली पद्धत तिचीच आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच घेतले आहेत. वेळ आणि पैसा दांडी, बटणं आणि त्यांच्या जागा यांवर खर्च करा. आतला कॉम्प्युटर नंतर कधीही बदलता येतो. चुकीच्या जागी पाडलेलं भोक मात्र बुजत नाही.

पेटीत काय काय असतं

माझ्या पेटीत दोन बोर्ड आहेत. पहिला रास्पबेरी पाय ४ (पुढे त्याला नुसतं 'पाय' म्हणतो). साधारण पत्त्यांच्या कॅटएवढा, पण पुरा कॉम्प्युटर. गेम त्याच्यावर चालतो आणि एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला जातो. दुसरा रास्पबेरी पाय पिको, बोटभर लांबीचा, २०२१ साली बाजारात आला तेव्हा त्याची किंमत फक्त ४ डॉलर होती. पिकोचं काम एकच: कुठलं बटण दाबलं हे सतत बघत राहायचं आणि यूएसबीवरून पायला कळवायचं.

बटणं थेट पायच्याच पिनांना का जोडली नाहीत, असं अनेकजण विचारतात. जोडता येतात, माझी पहिली पेटी तशीच होती. पण मग त्यासाठी पायमध्ये वेगळा ड्रायव्हर (पिनांवरची बटणं ओळखणारा प्रोग्रॅम) बसवावा लागतो आणि सिस्टिम नव्याने टाकली की ते काम पुन्हा पहिल्यापासून. शिवाय एखादी वायर चुकून ५ व्होल्टला टेकली तर महागडा बोर्ड जातो. मध्ये पिको असेल तर नुकसान झालंच तर पिकोचं. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तीच पेटी यूएसबीने लॅपटॉपलाही लावता येते.

सोल्डरिंग आणि फर्मवेअर (बोर्डात टाकायचा प्रोग्रॅम) या भानगडीत पडायचंच नसेल तर पिकोचंच काम करणारा, 'झिरो डिले' नावाने मिळणारा तयार यूएसबी एन्कोडर घ्या. त्याच्यासोबत वायरी येतात, खोचल्या की झालं. तो वाईट नाही. मी पिको वापरतो, कारण कुठली पिन कुठल्या बटणाची हे त्यात ब्राउझरमधून बदलता येतं.

सामान घेताना

दांडी आणि बटणं दोन घराण्यांतली मिळतात. जपानी पद्धतीची दांडी गोल लट्टूची, हलकी, थोड्या ढकलण्यात वळणारी. सान्वा आणि सेइमित्सू ही त्यातली जुनी नावं. तिची बटणं ३० मिलिमीटरची, सपाट, बोट टेकताच लागणारी. अमेरिकन पद्धतीची दांडी बॅटच्या मुठीसारखी, कडक. तिची बटणं खोलगट डोक्याची, २८ मिलिमीटर भोकाची, लांब आट्यांची, खालून नट आवळायची. आपल्याकडच्या पार्लरमध्ये सगळा मिसळीचा मामला असायचा, त्यामुळे तुमच्या हाताला कोणतं ओळखीचं वाटतं हे तुम्हीच ठरवा. शक्य असेल तर एकेक नमुना मागवून हातात घेऊन बघा.

बटण घेताना विक्रेत्याच्या पानावरची एक गोष्ट नीट वाचा: ते दाबून बसणारं आहे की नटाने आवळायचं. दाबून बसणाऱ्या बटणाला दोन बाजूंना प्लास्टिकचे पंख असतात आणि ते दोन-चार मिलिमीटर जाडीच्या पत्र्यासाठी बनवलेलं असतं. १२ मिलिमीटरच्या प्लायमध्ये ते पंख उघडतच नाहीत आणि बटण चार दिवसांत वर यायला लागतं. लाकडी पेटीसाठी नटाचीच बटणं घ्या.

किती घ्यायची? स्ट्रीट फायटर २ ने १९९१ साली सहा बटणांची सवय लावली, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. एसएनके कंपनीच्या निओ जिओ यंत्रावरच्या गेमना चार लागतात, मुस्तफाला दोन. मी खेळायची सहा, वर कॉइन आणि स्टार्ट अशी दोन, एकूण आठ घेतो आणि एक जास्तीचं ठेवतो.

बाकीचं सामान असं: पाय ४ (२ जीबी रॅम पुरेशी), त्याचा ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा टाइप-सी चार्जर, ३२ जीबीचं चांगलं मेमरी कार्ड, मायक्रो-एचडीएमआय ते एचडीएमआय केबल, पिको, पिकोसाठी स्क्रू टर्मिनलचा बोर्ड, मायक्रो-यूएसबी केबल, बारीक मल्टिस्ट्रँड वायर दोन रंगांत, आणि इलेक्ट्रिशियन ज्यांना लग म्हणतात त्या चपट्या फिमेल क्लिपा. लगची रुंदी मोजूनच घ्या. जपानी बटणांच्या पात्यांना २.८ मिलिमीटरची लागते, अमेरिकन पद्धतीच्या मायक्रोस्विचना (बटणाखालच्या छोट्या स्विचना) बहुतेक वेळा ४.८ची. दुकानात सहज मिळते ती ६.३ची, आणि ती या पात्यांवर सैल बसते.

चार्जर मोबाइलचा चालेल का, हाही नेहमीचा प्रश्न आहे. चालतो, पण गेम रंगात आला की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं छोटं चिन्ह दिसायला लागतं. व्होल्टेज पडतंय, असा त्याचा अर्थ. मग पाय स्वतःचा वेग कमी करतो, गेम अडखळतो आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. योग्य चार्जर घ्या.

आधी पुठ्ठा

ही पायरी गाळू नका. फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या. माझी पेटी ४०० मिलिमीटर रुंद आणि २४० मिलिमीटर खोल आहे, तेवढा तुकडा कापा. तो मांडीवर घ्या, डोळे मिटा आणि खेळायला बसल्यासारखे दोन्ही हात त्यावर सैल सोडा. उजव्या हाताची बोटं जिथे टेकली तिथे कुणाला तरी पेन्सिलने खुणा करायला सांगा. खुणा सरळ रेषेत येणार नाहीत. मधलं बोट पुढे, तर्जनी आणि अनामिका मागे, असा बाक दिसेल. वरच्या तीन बटणांची ओळ त्या बाकावरच घ्या आणि खालची तीन तशीच, थोडी अंगठ्याकडे सरकवून.

३० मिलिमीटरच्या दोन बटणांच्या मध्यांत ३६ मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवा. त्याहून कमी ठेवलं तर खालचे नट एकमेकांना घासतात. जास्त ठेवलं तर बोटं ताणली जातात. दांडी आणि पहिलं बटण यांच्यामध्ये एवढी जागा हवी, की दांडी उजवीकडे पूर्ण ढकलली तरी डाव्या हाताची बोटं उजव्या हाताला लागू नयेत. पुढच्या कडेला मनगट टेकायला किमान चार बोटं जागा सोडा. कॉइन आणि स्टार्ट लांब, वरच्या कोपऱ्यात ठेवा, नाहीतर ऐन मारामारीत स्टार्ट दाबलं जाऊन गेम थांबतो.

आता पुठ्ठ्याला भोकं पाडा, बटणं आणि दांडी बसवा आणि वायर न जोडताच दहा-पंधरा मिनिटं खोटं खोटं खेळा. दुसऱ्या पेटीच्या वेळी मी असे चार पुठ्ठे बदलले. चौथ्यावर मनगट दुखायचं थांबलं. पेटी मांडीवर ठेवून खेळणार की टेबलावर, यानेही फरक पडतो. टेबलावर पेटी उंच लागते आणि कोपर वर उचललं जातं, म्हणून तिथे पेटी बुटकी हवी.

लाकूडकाम

वरची फळी ६ मिलिमीटर एमडीएफची आणि तिच्यावर २ मिलिमीटरचं पारदर्शक अॅक्रिलिक, असं मी करतो. बाजू १२ मिलिमीटर प्लायच्या, तळ १८ मिलिमीटरचा. तळ मुद्दाम जाड घेतला आहे. हलकी पेटी रंगात आलेल्या खेळात सरकते. जड पेटी आणि तळाला चार रबरी बुश, म्हणजे ती जागा सोडत नाही. आतली उंची ७० मिलिमीटर तरी हवी, कारण दांडीचा खालचा भाग पेटीत बराच खोल जातो आणि ती हलली की तिचं टोकही आत हलतं. तिच्याखाली पाय किंवा केबल ठेवू नका.

फळ्या कापून घ्यायला प्लायच्या दुकानाजवळचा सुतार बरा. त्याची करवत सरळ चालते. भोकांसाठी ड्रिलला लावायची गोल करवत, म्हणजे होल सॉ, ३० मिलिमीटरचा (अमेरिकन बटणं असतील तर २८चा) आणि दांडीसाठी २४चा. भोक पाडताना फळीखाली टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरा. तो नसेल तर होल सॉ खाली निघताना कडेचे पापुद्रे उडवतो. अॅक्रिलिकला मात्र घरी हात लावू नका. नावाच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे लेझर कटिंग असतं. पुठ्ठ्यावरची मापं कागदावर नीट उतरवून द्या, पाच मिनिटांत गुळगुळीत भोकांसकट मिळतं. जवळच्याच फ्लेक्सवाल्याकडून हवं ते चित्र व्हिनाइलवर छापून घ्या आणि ते एमडीएफ आणि अॅक्रिलिकच्या मध्ये सरकवा. माझ्या पेटीवर लेकीने काढलेला डायनोसॉर आहे.

दांडी वरून स्क्रू दिसू नयेत म्हणून खालूनच बसवा. तिची लोखंडी पट्टी फळीला लावून खुणा करा, मापं इंटरनेटवरून घेऊ नका. वरची फळी जाड झाली तर दांडी बाहेर कमी उंच दिसते आणि हातात आखूड वाटते. ६ मिलिमीटरची फळी घेण्याचं खरं कारण हे आहे.

एमडीएफ कापताना नाकाला मास्क लावा, त्याची धूळ पिठासारखी बारीक असते. कापलेल्या कडांवर सीलर किंवा प्रायमरचे दोन हात द्या. कोकणात किंवा पावसाळ्यात कुठेही, उघडी कड ओल पिते आणि फुगते. मग अॅक्रिलिक वर उचललं जातं.

वायरिंग

इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि खरं तर हा भाग सगळ्यात सोपा आहे. बटण म्हणजे दोन टोकांचा स्विच. एक टोक पिकोच्या ठरलेल्या पिनला, दुसरं ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या पिनला. बटण दाबलं की ती पिन ग्राउंडला टेकते आणि पिकोला कळतं. वेगळा रेझिस्टर लागत नाही, कारण पिन एरवी 'वर' ठेवायची सोय चिपमध्येच आहे. पिको ३.३ व्होल्टवर चालतो. त्याच्या बटणांच्या पिनांवर ५ व्होल्ट कधीही येऊ देऊ नका.

ग्राउंडसाठी प्रत्येक बटणापासून पिकोपर्यंत वेगळी वायर ओढू नका. काळ्या वायरची माळ करा. एका बटणापासून दुसऱ्यापर्यंत, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत, दिवाळीतल्या दिव्यांच्या माळेसारखी, आणि शेवटचं टोक पिकोच्या ग्राउंडला. प्रत्येक लगमध्ये दोन वायरी एकत्र पिळून दाबल्या की माळ होते. लग दाबायला क्रिंपर वापरा. पक्कड वापरली तर वायर आत सैल राहते आणि दोन महिन्यांनी एखादं बटण मधूनच काम करेनासं होतं. दाबून झालं की प्रत्येक वायर हलकी ओढून पाहा.

सिग्नलच्या वायरी मी पिवळ्या घेतो आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टीवर नाव लिहितो. या कामात अर्धा तास जातो. नावं नसली तर नंतर एक दोष शोधायला अख्खी संध्याकाळ जाते.

आता अमेरिकन पद्धतीच्या मायक्रोस्विचबद्दल. त्याला तीन पाती असतात: कॉमन, नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड. आपल्याला कॉमन आणि नॉर्मली ओपन हवीत. चुकून नॉर्मली क्लोज्डला वायर लावली तर उलटंच होतं: बटण न दाबता दाबल्यासारखं दिसतं आणि दाबलं की सुटतं. स्विचच्या अंगावर अक्षरं कोरलेली असतात, ती वाचा. अक्षरं पुसट असतील तर मल्टिमीटर बीपवर लावा. दाबल्यावर बीप येणारी जोडी ती आपली.

दांडीत असे चार स्विच असतात आणि इथे बहुतेक सगळे एकदा तरी चुकतात. दांडी वर ढकलली की तिचं खालचं टोक उलट्या दिशेला, म्हणजे तुमच्याकडे येतं आणि तुमच्या जवळचा स्विच दाबतं. म्हणजे 'वर'ची वायर जवळच्या स्विचला, 'खाली'ची लांबच्या. डाव्या-उजव्याचंही तसंच. पेटी उलटी करून वायरिंग करताना डोकं आणखीच गोंधळतं. म्हणून विचार करत बसू नका: दांडी ढकला, कुठला स्विच 'टक्' वाजला ते बघा आणि त्यालाच त्या दिशेचं नाव चिकटवा. जपानी दांडीला पाच वायरींची एकच पट्टी असते, एक ग्राउंड आणि चार दिशा. तिथेही रंगांवर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटरने एकेक तपासा.

पिकोला काम शिकवणं

पिकोवर मी जीपी२०४०-सीई हे फर्मवेअर टाकतो. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे, आणि आर्केड कंट्रोलरसाठीच लिहिलेलं आहे. त्याच्या डाउनलोड पानावरून साध्या पिकोसाठीची यूएफ२ फाइल घ्या. पिकोवरचं छोटं पांढरं बटण (बूटसेल) दाबून धरा आणि तसंच धरून केबल लॅपटॉपला लावा. पेनड्राइव्ह लावल्यासारखी एक ड्राइव्ह दिसेल. तिच्यात फाइल टाका. ड्राइव्ह आपोआप नाहीशी होते, आणि ती नाहीशी झाली म्हणजे काम झालं.

ड्राइव्ह दिसलीच नाही तर पिको बिघडला असं समजू नका. दहापैकी नऊ वेळा दोष केबलचा असतो. घरात पडलेल्या कितीतरी मायक्रो-यूएसबी केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जातच नाही. माझी एक रात्र अशाच केबलपायी गेली. ज्या केबलने पूर्वी कधी फोटो कॉपी केले आहेत तीच घ्या.

नेहमीची जुळणी अशी: वर जीपी २, खाली जीपी ३, उजवी जीपी ४, डावी जीपी ५. खालच्या ओळीतली तीन बटणं जीपी ६, ७, ८. वरच्या ओळीतली तीन जीपी १०, ११, १२. सिलेक्ट म्हणजे आपलं कॉइन जीपी १६, स्टार्ट जीपी १७. लक्षात घ्या, जीपी २ म्हणजे बोर्डावरची दुसरी पिन नव्हे. मोजायला गेलात तर ती चौथी आहे. बोर्डाच्या पाठीमागे छापलेली नावं पाहूनच जोडा. ग्राउंडच्या पिना आठ आहेत, माळेचं टोक कुठल्याही एकीला चालेल.

यातलं काही बदलायचं असेल तर स्टार्टचं बटण दाबून धरून पिको लॅपटॉपला लावा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ हा पत्ता टाका. सेटिंगचं पान उघडतं. इंटरनेट लागत नाही, ते पान पिकोच्या पोटातूनच येतं. पिनांची वाटणी, कुठल्या प्रकारचा कंट्रोलर म्हणून ओळख द्यायची, सगळं तिथे आहे. ओळख एक्सइनपुट, म्हणजे एक्सबॉक्सच्या कंट्रोलरसारखी, ठेवा. पाय आणि विंडोज दोघंही ती लगेच ओळखतात.

पेटी बंद करण्याआधी लॅपटॉपवर कुठलाही गेमपॅड तपासणारा प्रोग्रॅम उघडा आणि एकेक बटण वीस-वीस वेळा दाबा. मग दांडी गोल फिरवा, आधी सावकाश, मग जोरात. चारही तिरप्या दिशा लागल्या पाहिजेत. एखादी तिरपी दिशा लागत नसेल तर दांडी फळीवर कलती बसली आहे किंवा स्विचचं पातं वाकलं आहे.

पायवर गेमची सिस्टिम

मी रेट्रोपाय वापरतो. लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर उघडा, आपला पाय निवडा, गेमच्या सिस्टिमच्या यादीतून रेट्रोपाय निवडा, मेमरी कार्ड निवडा आणि लिहायला सांगा. पायवर एचडीएमआयची दोन भोकं आहेत. चार्जरच्या भोकाशेजारचं पहिलं, केबल त्याच्यातच लावा. कार्ड पायमध्ये घाला, पिकोची केबल पायच्या यूएसबीला लावा, आधी टीव्ही सुरू करा, मग पाय.

पहिल्यांदा सुरू झालं की कुठलंही बटण दाबून धरायला सांगतं आणि मग एकेक बटण विचारतं. दांडीच्या चार दिशा 'डी-पॅड'च्या जागी द्या, 'अॅनालॉग'च्या नव्हे. तुमच्याकडे नसलेलं बटण विचारलं तर कुठलंही बटण दोन सेकंद दाबून धरा, ते पुढे सरकतं. शेवटी 'हॉटकी' विचारतं, तिथे कॉइनचं बटण द्या. पुढे कॉइन आणि स्टार्ट एकदम दाबलं की गेममधून बाहेर येता येतं.

गेम आणायचे कुठून, हा नाजूक विषय आहे. बहुतेक जुन्या गेमचे हक्क आजही कंपन्यांकडे आहेत, आणि इंटरनेटवर मिळतो म्हणून गेम मोफत होत नाही. कॅपकॉम, एसएनके यांनी आपल्या जुन्या गेमचे संच अधिकृतपणे विकायला ठेवले आहेत. ते लॅपटॉपवर घेतले तर ही पेटी त्यांना जशीच्या तशी चालते, पिको वेगळा ठेवल्याचा फायदा इथेही होतो. जुन्या आर्केड यंत्रांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात, आणि मेम हा त्यांतलाच एक. पायवर सुरुवात करायला मेमच्या अधिकृत साइटवर काही गेम हक्कदारांच्या परवानगीने, विनाव्यापारी वापरासाठी ठेवलेले आहेत. 'रॉबी रोटो', 'ग्रिडली', 'स्टार फायर' हे त्यांतले. मेम हा प्रकल्प १९९७ साली निकोला सालमोरिया यांनी सुरू केला, आणि जुन्या यंत्रांचं काम जपून ठेवणं हाच त्याचा हेतू राहिला आहे.

गेमची झिप फाइल उघडू नका, तशीच ठेवा. पेनड्राइव्हवर 'रेट्रोपाय' नावाचा फोल्डर (इंग्रजीत, लहान अक्षरांत) करा, पायला लावा, दिवा लुकलुकायचा थांबला की काढा. आत फोल्डर तयार झालेले दिसतील. आर्केडच्या फोल्डरमध्ये झिप टाका आणि पेनड्राइव्ह पुन्हा लावा. यादीत गेम दिसतो पण काळा पडदा येऊन मागे फिरतो, ही तक्रार फार ऐकू येते. कारण बहुधा एकच: एम्युलेटरची आवृत्ती आणि गेमच्या फाइलची आवृत्ती जुळत नाही. प्रत्येक एम्युलेटरला ठरावीक आवृत्तीचा संच लागतो. गेम सुरू होताना एखादं बटण दाबलं की दुसरा एम्युलेटर निवडायची यादी येते, तिथून बदलून बघा.

पॅकमॅन, डाँकी काँग असे १९८०-८१चे गेम चार दिशांच्या दांडीसाठी होते. आठ दिशांच्या दांडीवर पॅकमॅन ऐन वळणावर अडकतो. काही दांड्यांखालची चौकोनी जाळी ४५ अंशांत फिरवली की तिरप्या दिशा बंद होतात. तुमच्या दांडीला ती सोय असेल तर एकदा फिरवून खेळून पाहा, गेम वेगळाच वाटतो.

उशीर कुठून येतो

उडी मारायला बटण दाबलं आणि माणूस किंचित उशिरा उडाला, असं वाटलं तर पेटी उघडू नका. पिकोला बटण कळायला एक मिलिसेकंदही लागत नाही. गेमचं एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद टिकतं. टीव्ही मात्र चित्र 'सुंदर' करण्याच्या नादात अशी कितीतरी चित्रं मागे राहतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा आणि सुरू करा. चित्र गुळगुळीत करणारे सगळे पर्याय बंद करा. फरक इतका मोठा असतो की वेगळं सांगावं लागत नाही. गेम मोड नसेल तर कॉम्प्युटरचा मॉनिटर लावा. तरीही कमी वाटलं तर रेट्रोपायमध्ये एम्युलेटर चालवणाऱ्या रेट्रोआर्च या प्रोग्रॅममध्ये 'रन अहेड' नावाची सोय आहे, ती एका चित्राची ठेवा. पाय ४ ला हलके गेम त्यासकट झेपतात.

चालू ठेवण्यासाठी

पाय तापतो. ८० अंशांच्या पुढे तो स्वतःला आवरतो आणि गेम मंदावतो. चिपवर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लावा आणि पेटीच्या मागच्या बाजूला वर-खाली भोकांच्या दोन ओळी पाडा. बंद करताना मेन्यूमधून शटडाउन करा, थेट स्विच बंद करू नका. तरी लोडशेडिंग सांगून येत नाही आणि मेमरी कार्ड अशाच वेळी खराब होतं. सगळं मनासारखं लागलं की कार्डाची पूर्ण प्रत लॅपटॉपवर काढून ठेवा. माझ्या घरी ती दोनदा कामी आली.

तळाची फळी खिळ्यांनी ठोकू नका, स्क्रूने बसवा. वर्षभरात सगळ्यात जास्त वापराचं बटण थोडं बोथट होतं. माझ्याकडे ते नेहमी खालच्या ओळीतलं पहिलं असतं. तळ उघडायचा, दोन लग काढायच्या, नट सोडवायचा, जास्तीचं ठेवलेलं बटण बसवायचं. चहा उकळेपर्यंत काम होतं. दांडीच्या सांध्याला अधूनमधून थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल तेल नको, ते धूळ धरतं आणि थंडीत गोठतं.